हळू चालणाऱ्या बोटी

मयुरी,

तुझं मशीन पोचलं. आधी हेच सांगते, कारण तू असतीस तर दारातच हे विचारलं असतंस. चपला काढायच्या आधी. पडद्यावर ओरखडा नाही, वायरी सगळ्या आहेत, वरची काळी पेटीसुद्धा आहे. बाकीचं नीट सांगता येईल की नाही माहीत नाही. लिहिताना मी अजून अडखळते. तू शेजारी असलीस की कमी अडखळायचे.

तुझ्या तापाबद्दल, दवाखान्याबद्दल मी इथं काही लिहिणार नाही. ते सगळे सांगतातच. भेटेल तो तेवढंच विचारतो, "असं कसं झालं गं अचानक?" मला त्याचं उत्तर येत नाही. मला त्या मशीनबद्दल उत्तर द्यायचं होतं. तुझं-माझं भांडण त्याच्यावर अर्धवट राहिलं होतं आणि मशीन हिंडलग्याच्या तुझ्या खोलीत खिडकीखाली तसंच पडलं होतं.

तुझे बाबा आले तेव्हा कोणालाच त्याची आठवण नव्हती. ते तुला घेऊन गेले. नंतर घरमालकीणबाईंचा फोन आला की खोली रिकामी करायची आहे. मी गेले. तुझ्या त्या निळ्या फुलांच्या चादरीत गुंडाळलेलं मशीन त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "इदु तगोंड होगु, बाळा." घेऊन जा. त्याच बाई पूर्वी खालून ओरडायच्या, "साकु, साकु! एन सद्दु इदु?" पुरे, कसला हा आवाज? आता त्यांनी पदर तोंडाला लावला होता. मशीन बंद होतं, तरी त्या त्याच्याकडे असं बघत होत्या, जणू आता वाजेल.

आठवतं तुला, ते वाजायचं किती! पावसाळ्यात मासेमारी बंद, तुझ्या बाबांची बोट वर ओढलेली, केबिनमध्ये दमट हवा, म्हणून तू ते काढून एसटीनं बेळगावला आणलंस. समुद्रापासून इतक्या लांब, हिंडलग्याच्या त्या खोलीत, तू ते एका जुन्या बॅटरीला जोडलंस. त्याला वाटलं आपण बोटीवर आहोत. पडद्यावर सगळा पिवळा रंग, म्हणजे जमीन, आणि मधोमध आपली बोट. तू पोट धरून हसलीस. "बघ गो, आपण हिंडलग्याक आपटलो!" मग तू ते सरावाच्या पद्धतीवर टाकलंस आणि पडद्यावर खोटा समुद्र आला, खोटी जहाजं आली. प्रत्येक जहाज म्हणजे एक छोटा त्रिकोण. त्याच्या टोकातून पुढं एक रेघ, ते कुठं चाललंय ते दाखवणारी. आपल्या बोटीतूनही एक रेघ. दोन रेघा एकमेकींच्या फार जवळ यायला लागल्या की त्रिकोण लाल व्हायचा आणि मशीन किंचाळायचं.

मला तू तेव्हा समजावलंस. मोठी जहाजं आपण कुठं आहोत, किती वेगानं, कुठल्या दिशेला, हे सतत हवेतून सांगत असतात. ही काळी पेटी ते ऐकते, आणि आपलंही सांगते. मशीन मग हिशेब करतं: दोघं असेच चालत राहिले तर एकमेकांच्या किती जवळून जातील, आणि किती वेळानं. आपण ठरवून द्यायचं, किती जवळ म्हणजे धोका. तेवढ्याच्या आत आलं की अलार्म. मी विचारलं, "आणि ज्यांच्याकडं पेटीच न्हाई?" तू म्हणालीस, "ते दिसणत नाय. त्यांच्यासाठी डोळे." मग मी विचारलेल्या प्रश्नावर तू खूश झालीस, मास्तरीणबाईंसारखी.

वर्गात मी प्रश्न विचारत नव्हते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. वडगावात आमच्या दोन यंत्रमागांच्या आवाजात वाढलेली. मला वाटायचं, आपला प्रश्न चुकीचा असेल, सगळे मागं वळून बघतील. तू माझ्यासाठी कधी प्रश्न विचारला नाहीस. तू बाकाखालून माझ्या पायावर पाय द्यायचीस. जोपर्यंत मी हात वर करत नाही तोपर्यंत दाबून धरायचीस. तूही तुझ्या घरातली पहिलीच होतीस की. तुला कोण पाय देत होतं, हे मी कधी विचारलं नाही.

मशीन बाबांसाठी होतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एकदा पहाटे एक मोठं जहाज तुझ्या बाबांच्या बोटीला इतकं चिकटून गेलं की जाळ्याची दोरी तोडून घेऊन गेलं. त्या जहाजावरच्या कोणाला बहुतेक कळलंही नसेल. बाबांनी घरी येऊन फक्त दोरीबद्दल सांगितलं. तू ते ऐकलंस आणि मशीनचा हट्ट धरलास. जुनं का होईना, बसवून घेतलंस. आणि बाबांनी पहिल्याच आठवड्यात अलार्म बंद करून टाकला. कारण बंदरात आजूबाजूला बोटीच बोटी, सगळ्या जवळ, मशीन सारखं ओरडणारच. तू सुट्टीत गेलीस की चालू करायचीस. तू बेळगावला परत आलीस की ते बंद करायचे.

म्हणून मी तो उपाय काढला. मला वाटलं, माझ्याकडंही काहीतरी सांगण्यासारखं आहे. आमच्या मागाला एक छोटा काटा असतो. आडवा धागा तुटला की तो खाली पडतो आणि माग आपोआप थांबतो. पण काटा जुना झाला की धागा तुटला नसतानाही माग थांबवतो. सारखा थांबवतो. एकदा माझ्या आप्पांनी वैतागून तो काटा सुतळीनं वर बांधून टाकला. मग खरोखर धागा तुटला तेव्हा माग चालतच राहिला आणि साडीचं कापड पोकळ निघालं. मी तुला म्हणाले, "उगाच ओरडणारं यंत्र माणूस बांधून टाकतंय. म्हणून कमी ओरडायला शिकव त्याला." मी मशीनचं पुस्तक वाचलं होतं. त्यात एक सोय होती: ठरावीक वेगापेक्षा हळू चालणाऱ्या बोटी अलार्ममधून वगळता येतात. बंदरातल्या उभ्या बोटी गप्प होतील. प्रश्न सुटला.

तू चहाचा कप खाली ठेवलास. आपण कॅम्पातल्या त्या बेकरीत होतो. बाहेर शाळा सुटली होती.

"हळू म्हणजे कितक्या हळू?"

मी वेग सांगितला.

"जाळा ओढताना माझे बाबा तितकेच चलतत." तू एकदम शांत झालीस. "जाळा पाण्यात आसा तेव्हा बोट हळूच जाता. वळूक पण येणा नाय पटकन. तेव्हाच तर धोका. सगळ्यांनी तुझ्यासारख्या केल्यानी तर माझे बाबा कोणाच्याच मशीनीत वाजायचे नाय."

मी म्हणाले, "पण न्हाई केलं तर ते बंदच करतात की! मग काय उपयोग?"

"मग ते बंद करतत म्हणून मी त्यांका लपवू?"

"लपवणं न्हाई गं हे."

"तेच आहे." तू रागात असलीस की शुद्ध बोलायचीस.

आपण बसस्टॉपवर आलो. हिंडलग्याची बस आली, तू चढलीस, खिडकीतून हात केलास, पण तोंड वाकडंच होतं. आपण भांडलो की असंच व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी तू डबा उघडून माझ्यापुढं सरकवायचीस. तो दुसरा दिवस तापात गेला. मला त्याचं अपराधी वाटत नाही, खरं सांगते. आपण एका चांगल्या गोष्टीवर भांडत होतो. मला फक्त उत्तर हवं होतं, आणि तुलाही.

म्हणून मासेमारी सुरू व्हायच्या आधी मशीन बोटीवर पोचलं पाहिजे, आणि अलार्म चालू राहिला पाहिजे, एवढं मी ठरवलं. घरी सांगितलं तर आप्पा म्हणाले, "कुरिअरनं पाठीव की."

"बसवायला लागतंय आप्पा. आणि बोलायला लागतंय."

"तू बोलणार?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. मग म्हणाले, "माग शनवारी बंदच ठेवतो. मी येतो तुझ्यासंगं."

आंबोलीच्या घाटातून एसटी उतरताना आप्पांनी मशीन मांडीवर घेतलं होतं, दोन्ही हातांनी धरून. कंडक्टर म्हणाला, "काका, टीव्ही हाय काय?" आप्पा म्हणाले, "व्हय. ह्याच्यात एकच चॅनल लागतंय, पाण्याचं." मला हसू आलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

तुझ्या घरी तुझ्या आईनं आधी मशीन बघितलंच नाही. चादर बघितली. ती हळूच सोडवून घेतली, घडी न घालता छातीशी धरली आणि आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी, आप्पा आणि तुझे बाबा ओट्यावर, मध्ये उघडं मशीन.

बाबा म्हणाले, "तू ती बेळगावची. ती सांगी तुझ्याबद्दल. बेळगावाक समुद्र खंय आसा गो? तू काय बसवतलंस?"

मी म्हणाले, "वाचलंय मी. पुस्तक. आणि तिनं शिकवलंय."

"ठेव थंय. माका नको." ते समुद्राच्या बाजूला बघत होते. "कितके ओरडता ता. मी बंद करी, ती येवन चालू करी. मी परत बंद करी. आता चालू करूक कोण येतला?"

मयुरी, माझ्या पायावर कोणी पाय दिला नाही. मी खाली बघितलंसुद्धा.

"मी येईन," मी म्हणाले. "दर सुट्टीत येईन. तुम्ही बंद केलं तर मी चालू करीन. पण तुम्ही बंद का करताय ते मला आधी बघू दे, काका. एक दिवस बोटीवर घ्या मला."

तेवढ्यात आप्पांनी तोंड उघडलं. ते अनोळखी माणसात कधी बोलत नाहीत, पण त्यांनी मागाच्या काट्याची गोष्ट सुरू केली. सुतळीनं कसा बांधला, कापड कसं पोकळ गेलं. "हिच्या आईनं चार दिस शिव्या घातल्या मला. जेवताना बी शिव्याच वाढायची."

"माका माझा चेडू घाली," तुझे बाबा म्हणाले. चेडू, म्हणजे मुलगी, म्हणजे तू. "फोनवर घाली. बंदरातली सगळी हसत." आणि ते हसले, आणि हसता हसता तोंड फिरवलं. मग दोघे बाप बराच वेळ आपल्या यंत्रांना शिव्या देत बसले. मी ऐकत होते. चहा आला. तुझी आई बाहेर आली तेव्हा तिनं फक्त एवढं विचारलं, "वायरी खंयच्या खंय लागतत, तुका म्हायत आसा ना गो?"

मला माहीत होतं. तू मला तीन वेळा लावायला लावल्या होत्यास. चौथ्या वेळी डोळे मिटून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट पाण्यात फिरवून बघायची होतीच, इंजिन तपासायला. आप्पा धक्क्यावर बसले. "पाण्याचं आपलं काय न्हाय. मी हितनं बघतो." मी आयुष्यात पहिल्यांदा बोटीवर चढले. माझ्याबरोबर बाबा आणि दोन खलाशी. केबिनमध्ये मशीन चालू केलं आणि ते लगेच ओरडायला लागलं. एक बोट इकडून निघालेली, एक तिकडून येणारी, सगळ्यांचे त्रिकोण लाल. बाबांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे, बघ, मी सांगत होतो.

मला तेव्हा माझा तो उपाय पुन्हा आठवला. बटण हाताशी होतं. हळू बोटी वगळ, सगळं गप्प होईल, बाबा खूश होतील, मशीन चालू राहील. माझा हात तिथं गेलाही. आणि शेजारी बाबा उभे होते, एका हातानं सुकाणू धरून. हळू चालणारी बोट म्हणजे कोण, ते माझ्या समोर होतं. मी हात मागं घेतला.

त्याऐवजी मी धोक्याचं अंतर कमी केलं. अगदी थोडंच ठेवलं. बंदरात बोटी जवळ असणारच, तिथं तेवढंच पुरे. मशीन गप्प झालं. पण बाहेर खोल पाण्यात गेल्यावर अंतर परत मोठं करायला हवं, नाहीतर मोठं जहाज अंगावर येईपर्यंत हे बोलणारच नाही. ते रोज आठवणीनं कोण करणार? मशीन करणार नाही. मी रोज तिथं नसणार.

खाडीच्या तोंडाशी बाबांनी इंजिन हळू केलं. खलाशी कामं सोडून उभे राहिले. बाबांनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. देवाला मोठ्यानं, समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसं.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां पाण्यार चलली..."

"होय म्हाराजा!"

"जशी न्हेतंस तशी परत हाड, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि ह्या बेळगावच्या चेडवान हाडलेल्या यंत्राक वायच बुद्धी दी, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" दोघे खलाशी हसत ओरडले. मीही ओरडले, माझ्या आवाजाचं मलाच नवल वाटलं.

नारळ पाण्यात गेला, इंजिनाचा आवाज परत वाढला. मी म्हणाले, "काका, हे तुम्ही दरवेळी इथंच करता?"

"मगे? हय करूचा नाय तर खंय?"

"कधी चुकतं?"

त्यांनी मी वेडी असल्यासारखं माझ्याकडं बघितलं.

"मग त्याच्या पाठोपाठ एवढंच करा." मी त्यांना दाखवलं, अंतर मोठं कसं करायचं. दोनदा दाबायचं, पुरे. "परत येताना इथंच परत लहान."

"देवाच्या मागसून ह्याका हात लावूचो?" ते पुटपुटले. पण त्यांनी दोनदा दाबलं. मग खलाशाला हाक मारून त्यालाही दाबायला लावलं, म्हणजे त्यालाही यायला हवं. तेव्हा मला कळलं की ते हे करणार आहेत.

आम्ही बरेच पुढं गेलो. किनारा हिरवा आणि बुटका झाला. मला मळमळत होतं, पण मी ते कोणाला सांगितलं नाही, तुलाच सांगते. आणि मशीन वाजलं. पडद्यावर एकच त्रिकोण, लाल, आणि त्याच्यातून निघणारी रेघ अगदी आखूड. म्हणजे अगदी हळू चाललेली बोट.

"माका दिसता मगो!" बाबा चिडले. त्यांनी हातानं दाखवलं. मला काही दिसेना, मग एक ठिपका दिसला. "ती आमच्या वाडीतलीच बोट. जाळा ओढून बघतत. मी मघाशीच बघलंय. ह्या आता सांगता माका?" आणि त्यांचा हात सवयीनं तिकडं गेला, जिथून ते अलार्मच बंद करून टाकायचे. मला ती जागा माहीत होती. तू प्रत्येक सुट्टीत तिथूनच परत चालू करायचीस.

"काका, थांबा." मी त्यांच्या हाताच्या आड हात घातला. अनोळखी मोठ्या माणसाच्या हाताला मी असं कधी अडवलं नव्हतं. "सगळं बंद करू नका. तुम्हाला दिसली ना ती बोट? मग तेवढंच सांगा त्याला. हे बटण. ह्यानं फक्त ह्या बोटीपुरतं गप्प बसतं. दुसरी कोण आली तर परत बोलंल."

"म्हणजे ता इचारता, आणि मी जबाब देवचो?"

"व्हय. एवढंच."

मशीन ओरडतच होतं. खलाशी दारात येऊन उभा राहिला होता. बाबांनी पडद्याकडं बघितलं, मग समोरच्या ठिपक्याकडं, नीट, डोळे बारीक करून. सुकाणू थोडं वळवलं. बोटीचं नाक त्या हळू बोटीपासून बाजूला गेलं. मग त्यांनी बटण दाबलं.

"होय गो बाय," ते म्हणाले. "बघलंय."

आवाज थांबला. खलाशी हसला नाही. तो दारातून मागं सरकला आणि आपल्या कामाला गेला. बाबा समोर बघत राहिले. थोड्या वेळानं मशीन दुसऱ्या एका बोटीसाठी वाजलं. त्यांनी परत समोर बघितलं, परत बटण दाबलं, परत तेच म्हणाले, ह्या वेळी जरा सवयीनं.